शुक्रवारची दहा गाणी

ओव्हाळ शुक्रवारी अर्धा तास लवकर यायचे. बाकीचे दिवस दूध संकलनाच्या वेळेला बरोबर, ना एक मिनिट पुढे ना मागे. पण शुक्रवारी मी स्कूटी लावून संस्थेचं कुलूप काढायला जावं, तर ते आधीच पायरीवर बसलेले. एका कानात इअरफोन, दुसरा कान मोकळा. मोकळा कशासाठी, असं मी एकदा विचारलं.

"कुणी हाक मारली तर? दूध घिऊन माणूस हुभा आन् टेस्टर गाण्यात, असं नको व्हायला."

नवी गाणी जगभरात शुक्रवारी बाहेर पडतात, हे मला त्यांच्याकडून कळलं. तोवर शुक्रवार म्हणजे पशुखाद्याची गाडी येण्याचा दिवस, एवढंच मी जाणत होते.

चौसाळ्याच्या अलीकडे, हायवेपासून थोडं आत, आमची दूध उत्पादक सहकारी संस्था होती. मी तिची सचिव. सभासदांची यादी, कॅनची यादी, लस राहिलेल्या जनावरांची यादी, आणि कोणती यादी कपाटाच्या कोणत्या खणात आहे त्याची यादी, हे सगळं माझ्याकडे. आबा, म्हणजे आमचे चेअरमन, पाहुण्यांना सांगायचे, "आमच्या मॅडमला इचारा. गावात कावळे किती ते बी लिहून ठिवलं असंल." मला ते कौतुक वाटायचं.

ओव्हाळ टेस्टर होते. दुधाचं सॅम्पल घ्यायचं, लॅक्टोमीटर टाकायचा, फॅट काढायचं, आकडा मोठ्याने सांगायचा. अंगाने काटकुळे, पन्नाशीच्या आतबाहेर, रोज इस्त्रीचा पांढरा शर्ट. त्या शर्टांना जागोजागी बारीक तपकिरी भोकं होती. फॅटचं मशीन यायच्या आधी अ‍ॅसिड वापरावं लागे, त्याचे ते शिंतोडे. नवा शर्ट घ्या म्हटलं की म्हणायचे, "भोकं नोकरीची हायत, राहू द्या."

ते बौद्ध वस्तीतले. नोकरीला लागले त्या वर्षीची गोष्ट त्यांनी नाही, आमच्या एका जुन्या सभासदाने मला सांगितली. गावातले एक-दोन बागायतदार कॅनच्या तोंडाशी उभे राहायचे, म्हणजे ओव्हाळांनी आपल्या दुधात सॅम्पलचं माप बुडवू नये. ओव्हाळांनी वाद घातला नाही. रिकामी बाटली त्यांच्याच हातात दिली. "घ्या, तुमीच भरा. माझ्या हातानं फॅट वाढत न्हाई आन् कमीबी व्हत न्हाई." त्या माणसांनी बाटली वरवरची भरली. ओव्हाळांनी ती परत केली. "हलवून भरा. साय वरच ऱ्हायली तर आकडा खोटा लागतो. नुकसान कुणाचं का हुईना, आकडा खोटा नको." महिन्याभरात त्या लोकांना भरायचा कंटाळा आला आणि गोष्ट मिटली. मिटली असं आम्ही सगळे समजत होतो.

हलवल्याशिवाय सॅम्पल घ्यायचं नाही, हा त्यांचा नियम गाण्यालाही होता. नवं गाणं ते कधी सुरुवातीपासून ऐकत नसत. बोटाने सरकवून मधे जायचे, अर्धा मिनिट ऐकायचे. "सुरुवात समदेच नटवत्यात, मॅडम. साय असती ती. मधलं घ्यायचं." मधलं टिकलं तर मग पहिल्यापासून. आणि पूर्ण ऐकून झालं की डोळे मिटूनच, दुधाची सांगतात तशी, गाण्याची फॅट सांगायचे: "चार दोन." "तीन पाच, जेमतेम." सहाच्या वर गेलं तर डोळे उघडून म्हणायचे, "म्हशीचं हाय हे!" पडलेल्या गाण्याला एकच शेरा असे, "पाणी हाय."

हा नाद त्यांना पुण्यात लागला होता. तरुणपणी चार वर्षं ते एका कॉलेजच्या वसतिगृहाच्या खानावळीत वाढपी होते. ईशान्येकडचा एक विद्यार्थी गिटार वाजवायचा आणि जेवायला सगळ्यात शेवटी यायचा. ओव्हाळ त्याच्यासाठी भाजी झाकून ठेवायचे. जाताना त्याने कॅसेटींचा एक खोका यांना देऊन टाकला. त्यातले बँड कुणाला माहीत नसलेले, गाणी घरातच रेकॉर्ड करून भरलेली, नावं पेनाने लिहिलेली. तेव्हापासून ओव्हाळांना कंपनीची गाणी चालेनाशी झाली.

"कंपनीचं गाणं म्हंजे पिशवीतलं दूध," ते म्हणायचे. "रोज सारकंच लागतं. ही पोरं बगा, चौघं मिळून घरात वाजवत्यात, सवताच भरत्यात, सवताच नेटवर टाकत्यात. ही बी सोसायटीच की."

"मग आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय?" मी विचारलं.

"तितं चेअरमन नसतो," ते म्हणाले, आणि आबा आत आहेत का ते बघून घेतलं.

इंग्रजी त्यांना बेताचं येई. शब्द कळत नाहीत तर ऐकता काय, असं विचारणाऱ्याला त्यांचं उत्तर ठरलेलं. "शब्द कळत न्हाईत. खोटं बोलतोय का खरं, ते कळतं."

गाणी शोधायची त्यांची रीत मला फार आवडायची, कारण तिच्यात शिस्त होती. फोन जे सुचवतो त्याकडे ते बघतसुद्धा नसत. आवडलेल्या गाण्याखाली त्या पोरांनी कुणाकुणाचे आभार मानलेत, ते वाचायचे. "बँड गरीब आसला की आभार लई मानतो," हा त्यांचा शोध. कुणी खोली दिली, कुणी ड्रम दिले, कुणी चहा केला. एकच नाव तीन ठिकाणच्या आभारांत दिसलं की ओव्हाळ त्या नावामागे निघायचे, जसं बांधाबांधाने चालत माणूस दुसऱ्या शिवारात पोचतो. असे ते पायरीवर बसल्या बसल्या शिलाँगला गेले, मद्रासला गेले, समुद्रापलीकडच्या कुठल्याशा थंड गावात गेले, जिथं एक मुलगी आजीच्या स्वयंपाकघरात गाणी भरायची.

दुसऱ्याचं गाणं कुणी आपल्या पद्धतीने गायलं असेल तर त्याला वेगळी परीक्षा. आधी मूळ गाणं तीनदा ऐकायचं. मग हे. "हे ऐकताना मूळ इसरलं तर पास. आठवत ऱ्हायलं तर नापास. आन् मूळ आवडेनासंच झालं तर त्यो चोर."

मला हा प्रकार नवा वाटला तेव्हा ते हसले. "आमच्यात तर समदेच हे करत्यात. माझा बाप गायन पार्टीत व्हता. जयंतीला एकच गाणं सात वस्त्यांत ऐका, सात गाणी व्हत्यात. कुटं ढोलकी फुडं, कुटं बाया फुडं. माझा बाप एका कडव्याला थांबायचा. निस्ता थांबायचा. लोक शिट्ट्या मारायचे त्या थांबण्याला."

सकाळच्या संकलनाला संस्थेत स्पीकर लावायची पद्धत होती. आधी त्यावर भक्तिगीतं आणि बातम्या असत. ओव्हाळांनी शुक्रवार मागून घेतला. दहा गाणी, तेवढ्याच वेळात रांग संपायची. दहाच. अकरावं चांगलं सापडलं की दहातलं एक जायचं.

पहिल्या शुक्रवारी रांगेत गदारोळ झाला.

"ओ टेस्टर, कावून लावलं हे? म्हैस आटंल माजी!"

"तुजी म्हैस तसंबी पाणीच देती बे," मागून कुणीतरी.

"आरं, ह्यो गातोय का उलटी काढतोय?"

ओव्हाळ शांतपणे आकडे सांगत राहिले. "पाच सहा. फुडचं आणा. तीन आठ. अण्णा, म्हैस सोडा, आज तुमी दूध कमी हलवलंय." दोन महिन्यांनी एका शुक्रवारी लाइट नव्हती, स्पीकर बंद होता, तर तेच अण्णा विचारत होते, आज काय झालं म्हणून.

कोंडाबाईचं तर विशेष. दीड लिटरची किटली घेऊन येणारी ही म्हातारी सगळ्यात शेवटी उभी राहायची. त्या आजीच्या स्वयंपाकघरातल्या मुलीचं गाणं लागलं आणि कोंडाबाई म्हणाली, "हिचं लेकरू गेलंय का ओ?"

ओव्हाळांनी हातातली बाटली ठेवली. त्यांनी घरी जाऊन मुलीकडून इंग्रजीत चार ओळी लिहून घेतल्या आणि त्या गायिकेला पाठवल्या. आठ दिवसांनी उत्तर आलं. पुढच्या शुक्रवारी त्यांनी रांगेतच कोंडाबाईला सांगितलं, "मावशे, लेकरू न्हाई. कुत्रं हरवलंय म्हणे तिचं."

रांग खो खो हसली. कोंडाबाईने किटली पुढे केली. "मग मी काय येगळं म्हनले?"

आता माझ्या वाट्याकडे येते.

दहा गाणी ओव्हाळ एका चिठ्ठीवर लिहायचे. अकरावं आलं की जुनी चिठ्ठी फाडायची, नवी लिहायची. हे मला बघवेना. मी विचारलं, "फाडलेल्या चिठ्ठीतली गाणी कुठे गेली?"

"गेली."

"पुन्हा ऐकावीशी वाटली तर?"

"न्हाई वाटत. फुडचा शुक्रवार येतोच की."

मला यात नुसता बेशिस्तपणा दिसला. मी कपाटातून एक कोरं फॅट टेस्टिंगचं रजिस्टर काढलं. छापील क्रमांक असलेलं, संस्थेचं. पट्टी घेऊन पहिल्या पानावर स्वतःच्या हाताने रकाने आखले: अनुक्रमांक, तारीख, गाण्याचं नाव, कुठलं, स्वतःचं की दुसऱ्याचं, फॅट, शेरा. माझं अक्षर चांगलं आहे. मथळा ठसठशीत आला.

ओव्हाळांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, पण उघडलं नाही. "मॅडम, संस्थेचं हाय ह्ये."

"मी देतेय ना. सचिव कोण आहे?"

"तसं न्हाई. लिवलं की अडकल्यावानी व्हतं."

"लिहिल्याशिवाय राहत नाही काही, ओव्हाळ," मी म्हणाले. हे वाक्य मी त्या काळात फार वापरायचे.

त्यांनी माझ्या शब्दाला मान दिला. दर शुक्रवारी नोंदी व्हायला लागल्या. इंग्रजी नावं देवनागरीत, कानाला लागली तशी. शेऱ्यात मोजकं: 'ड्रम वाजवणारा नवशिका पण प्रामाणिक.' 'आवाज बसलाय तरी गातो, म्हणून घेतलं.' 'दुसऱ्याचं. मूळ विसरलो.' वर्षअखेरीला मी रजिस्टर इतर रजिस्टरांच्या ओळीत क्रमाने लावून ठेवलं. छापील क्रमांकात खंड पडलेला मला चालत नसे.

मग लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस गेला. अकरा कॅन निघायचे ते सात झाले, मग तीन. बोअर आटले, टँकरच्या फेऱ्या सुरू झाल्या. उन्हाळा लागायच्या आत आमच्या संस्थेला चारा छावणी मंजूर झाली, सरकारी अनुदान दर जनावरामागे. लिंबागणेश रस्त्याच्या माळावर हिरव्या जाळीचे मांडव पडले आणि गावोगावची जनावरं तिथं आली. माणसंही आली, बाज आणि पातेली घेऊन. दूधच नाही म्हटल्यावर टेस्टरला काम काय? आबांनी ओव्हाळांना छावणीवर जनावरांची हजेरी घ्यायला नेमलं. कानातला बिल्ला बघायचा, रजिस्टरात खूण करायची.

ओव्हाळ जाताना स्पीकर घेऊन गेले. संध्याकाळी जनावरं पाण्यावर सोडायची वेळ झाली की तिथं दहा गाणी लागत. मी एकदा चाऱ्याच्या गाडीबरोबर गेले होते. बाहेरच्या जिल्ह्यातून आलेलं उसाचं वाढं कापणाऱ्या बायका, हौदाशी रेटारेटी करणारे बैल, धूळ, आणि त्या सगळ्यावर कुठल्यातरी खोलीत भरलेली एक सावकाश गिटार. एक बाई विळा चालवता चालवता म्हणाली, "ह्येच लावा ओ परत. दिस लई मोठा हाय."

त्याच दिवशी ओव्हाळ मला मांडवामागे घेऊन गेले.

"मॅडम, वरून जी यादी आली तिच्यात एकोणचाळीस जनावरं हायत जी म्या बगितलीच न्हाईत. म्या खूण करत न्हाई त्यास्नी. पर दुसऱ्या दिशी बगितलं तर खूण झालेली आसती."

मी आबांना सांगितलं. आबा म्हणाले, "मी बगतो." मी माझ्या यादीत 'आबांना सांगितले' अशी टीप केली आणि तारीख टाकली. काम झालं असं मला वाटलं.

पंधरा दिवसांनी तपासणीचं पथक आलं. त्यांनी छावणीवर जनावरं मोजली आणि मग संस्थेत येऊन म्हणाले, सगळी रजिस्टरं काढा. मी खणांची यादी वाचली, शिपायाने क्रमाने गठ्ठा आणून टेबलावर ठेवला. सगळी म्हणजे सगळी. मीच क्रमाने लावलेली.

पथकाच्या साहेबांच्या हाताला ते गाण्यांचं रजिस्टर लागलं. त्यांनी चार नोंदी मोठ्याने वाचल्या. आधी हसले. मग चष्मा काढला.

"माळावर जनावरं चाऱ्याला मोताद झालीत, आणि इथं गाण्यांची फॅट निघते? संस्थेच्या रजिस्टरात?"

कागदावरच्या एकोणचाळीस जनावरांचं उत्तर आबांकडे नव्हतं. आता त्यांना उत्तर सापडलं. ते मी त्यांच्या चेहऱ्यावर सापडताना पाहिलं.

"हाच हजेरीवर व्हता, साहेब," आबा म्हणाले. "गाणी लावून बसायचा. मोजणीत चूक झाली ती ह्याच्याच पायी."

दुसऱ्या दिवशी गावातल्या प्रत्येक फोनवर त्या रजिस्टराच्या पानाचा फोटो फिरत होता. खाली मजकूर: 'जनावरं उपाशी, टेस्टर नाचतोय.' शुक्रवारी मान डोलावणाऱ्यांनीच तो पुढे पाठवला. एका बागायतदाराने त्यावर जे लिहिलं, ते मी इथे लिहीत नाही. ते गाण्यांबद्दल नव्हतं. मिटलं असं आम्ही समजत होतो, ते मिटलेलं नव्हतं.

संचालक मंडळाची तातडीची सभा झाली. ओव्हाळांना बोलावलं. ते भिंतीशी उभे राहिले, तोच भोकांचा पांढरा शर्ट. मी टेबलाच्या टोकाला, सभेचं इतिवृत्त लिहायला.

"रजिस्टर संस्थेचं," आबा म्हणाले. "तुमाला कुणी दिलं?"

खोलीत नऊ माणसं होती. मथळ्यावरचं अक्षर त्यांतल्या प्रत्येकाला ओळखता आलं असतं. माझ्या अक्षरातलं इतिवृत्त ते दर महिन्याला सही करून मंजूर करत. कुणी माझ्याकडे बघितलं नाही. ओव्हाळांनीही नाही. ते समोरच्या कॅलेंडरकडे बघत होते. त्यांनी थोडा वेळ घेतला. इतका, की कुणाला बोलायचं असेल तर बोलता यावं.

माझ्याकडे कारणं होती. संस्थेचा छापील कागद खाजगी कामाला दिला म्हणून माझीही चौकशी झाली असती. मुलाचं बारावीचं वर्ष होतं. आणि तिसरं, जे मी कधीच कुठे लिहिलं नाही: त्यांना काढणं सोपं होतं, मला काढणं अवघड, आणि हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही.

"म्या घेतलं," ओव्हाळ म्हणाले.

मी लिहिलं: 'श्री. ओव्हाळ यांनी रजिस्टर परस्पर घेतल्याचे कबूल केले.' परस्पर हा शब्द त्यांनी उच्चारला नव्हता. इतिवृत्तात तो लागतो म्हणून मी घातला.

त्या दुष्काळात नोकरी जाणं म्हणजे काय ते आमच्या भागात सांगावं लागत नाही. ऊसतोडीलासुद्धा मागणी नव्हती, कारण ऊसच नव्हता. प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडे देताना ते एवढंच म्हणाले, "लॅक्टोमीटरला चीर गेलीय, मॅडम. नवा मागवून घ्या, न्हाईतर आकडे चुकतील." कागदावरच्या जनावरांची चौकशी तिथंच थांबली. मोजणी चुकवणारा सापडला होता ना.

मी मागाहून काहीच केलं नाही असं नाही. एकदा त्यांच्या घरी जायला निघाले होते. वस्तीच्या तोंडाशी त्यांची मुलगी डोक्यावर पाण्याची घागर घेऊन येताना दिसली. तिने मला ओळखलं आणि घागर न उतरवताच उभी राहिली. मी स्कूटी वळवली.

पुढच्या वर्षी संस्था बंद पडली. पाऊस आला, पण जनावरं विकली गेली होती. मी बीडला बचत गटांच्या कामाला लागले. रजिस्टर दप्तराबरोबर कुठे गेलं कळलं नाही, पण तपासणीच्या आदल्या आठवड्यातच मी सगळ्या रजिस्टरांच्या पानांचे फोटो काढून ठेवले होते, सवयीने. एका सुट्टीत बसून मी ती गाणी शोधायला लागले. दोनशे अकरा नोंदी. एकशे सत्तेचाळीस सापडली. बाकीची त्या पोरांनी स्वतःच काढून टाकली असावीत. कंपनी नसली की गाणं टिकवायला कुणी नसतं. सापडलेली मी फोनवर क्रमाने लावली. मधूनच सुरू करून बघितली. मला आकडे येत नाहीत. मला फक्त गाणं चांगलं आहे एवढं कळतं, आणि ते पुरेसं नाही.

त्या पानांतला एक शेरा मी तोवर वाचला नव्हता. नोंद शंभराच्या आसपासची, दुसऱ्याचं गाणं, फॅट सहा चार. शेरा: 'हे लागलं तवा मॅडमचा पेन थांबला.' मी ते गाणं पुष्कळदा ऐकलं आहे. पेन कधी थांबला, ते मला आठवत नाही.

शेवटचं त्यांना पाहिलं ते धर्मापुरीला. बचत गटांच्या बैठकीसाठी गेले होते. जुन्या देवळाच्या रस्त्याला एका खाजगी डेअरीचा टेम्पो उभा होता आणि एक माणूस कॅन चढवत होता. शर्ट निळा, डेअरीचं नाव छापलेला. पाठीमागून मी ओळखलं नसतं. पण कॅन चढवण्याआधी तो माणूस झाकण काढून आत वास घेत होता, आणि दोन कॅन त्याने बाजूला काढून ठेवले.

"ओव्हाळ."

"मॅडम!" ते खरंच आनंदले. केस पांढरे झालेले. बायकोचं माहेर इथलंच, म्हणून इकडे आलो म्हणाले. टेस्टिंगला इथं पोरं आहेत, मशीन सगळं सांगतं. आपण निस्तं चढवायचं. मी माझं सांगितलं. मग विचारलं, "शुक्रवारचं काय नवीन?"

ते हसले, पण ओठांनीच. "न्हाई ओ. ऐकत न्हाई आता. आदी ऐकायचो आन् सोडून द्यायचो. मग लिवायची सवय लागली. आता ऐकलं की हात पेन मागतो. आन् पेन मागितला की..." पुढचं त्यांनी सोडून दिलं. "मंग ऐकायचंच सोडलं. बरं हाय तसं. कान मोकळे ऱ्हात्यात."

ड्रायव्हरने हॉर्न दिला. ओव्हाळांनी शेवटचा कॅन उचलला.

"ओव्हाळ, मला तुम्हाला एक सांगायचं होतं."

त्यांनी कॅन खाली ठेवला. ड्रायव्हरने पुन्हा हॉर्न दिला, तर त्याच्याकडे न बघताच हाताने थांबवलं. पँटला हात पुसले आणि माझ्याकडे तोंड करून नीट उभे राहिले. "बोला की, मॅडम."

वाक्य माझ्याकडे तयार होतं. किती वर्षं तयार होतं. 'रजिस्टर मी दिलं होतं.' चार शब्द. त्यांना ते माहीत होतंच, मला त्यांच्यासमोर फक्त ते उच्चारायचं होतं. रस्त्यावर आम्ही दोघंच होतो, कुणी चौकशी लावणार नव्हतं, मुलगा नोकरीला लागला होता, एकही कारण उरलं नव्हतं.

"इकडे पाऊस कसा आहे औंदा?" मी विचारलं.

वाकून त्यांनी कॅन उचलला.

"बरा हाय," ते म्हणाले. "पेरण्या झाल्या समद्यांच्या."